क्रमांक आणि सामना



परीक्षा संपली की प्रगतिपुस्तकावर क्रमांक लिहिण्याचे काम आम्हां शिक्षकांकडे येते. इतकी वर्षे ते मी निर्धास्तपणे करीत आलो. गेल्या वर्षी मात्र त्या कामाविषयी मनात शंका उत्पन्न झाली.

आमच्या बारडोलीत शाळांचे फुटबॉलचे सामने होते. आमच्या मुलांची गाठ एका मोठ्या शाळेशी पडली. सामन्याच्या आदल्या दिवशी आमचा कप्तान म्हणाला, "सर, ते पहिल्या नंबरचे आहेत." मी त्याला धीर द्यावयास हवा होता. पण माझ्या तोंडून निघाले, "निदान गोल कमी होतील असे पाहा." दुसऱ्या दिवशी आम्ही चार गोलांनी हरलो. हरण्याचे दुःख मला नाही. मुलांच्या आधी मीच हार मानली होती, याची रुखरुख अजून जात नाही.

क्रमांकांचा खेळ अमेरिकेत फार रंगतो. तेथील फुटबॉल निराळा. त्यात चेंडू हाती घेऊन धावावयाचे असते. महाविद्यालयांचा हंगाम संपला की निवडक संघांचे खास सामने होतात. त्यांना 'बाऊल' म्हणतात. पॅसाडेना येथील 'रोझ बाऊल' हा त्यांतील सर्वांत जुना. १९०२ साली त्याच्या पहिल्या सामन्यात मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९-० असा धुव्वा उडविला. संघांचे क्रमांक पत्रकार आणि प्रशिक्षक मते देऊन ठरवितात. जानेवारी २००६ मध्ये याच 'रोझ बाऊल' सामन्यात पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाचे संघ समोरासमोर आले. पहिला सदर्न कॅलिफोर्निया. त्याने लागोपाठ ३४ सामने जिंकले होते. दुसरा टेक्सास. सात मिनिटांहून कमी वेळ उरला असता टेक्सास १२ गुणांनी मागे होता. शेवटची १९ सेकंदे राहिली असताना त्याच्या व्हिन्स यंगने स्वतः चेंडू घेऊन सीमा गाठली आणि टेक्सासने ४१-३८ असा सामना जिंकला. मते देणाऱ्यांचा हिशेब कागदावरच राहिला.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम लायन्स या धर्मोपदेशकाने, १८८३ साली शिवोली गावी. पुढे शाळांच्या पटांगणांतून आणि गावोगावच्या मोकळ्या शेतांतून तो रुजला. राज्यांच्या संतोष करंडकाची स्पर्धा १९४१ साली सुरू झाली तेव्हापासून बंगालचा दबदबा मोठा. १९८२-८३ च्या हंगामात अंतिम सामन्यात गोव्याची गाठ याच बंगालशी, तीही कलकत्त्यात पडली. गोल झाला नाही. सामना पुन्हा खेळविला. तरीही गोल झाला नाही. अखेर करंडक दोघांना विभागून देण्यात आला. ज्यांना कोणी बरोबरीचे मानीत नव्हते, त्यांनी बलाढ्यांच्या घरी जाऊन बरोबरी साधली. पुढच्याच हंगामात मद्रास येथे गोव्याने पंजाबला १-० असे हरवून करंडक एकट्याने मिळविला. त्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. कप्तान आणि गोलरक्षक होते ब्रह्मानंद शंखवाळकर. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि मी राहतो ते गाव तरी कोणते? १९२८ साली येथील शेतकरी सारावाढीविरुद्ध सरकारपुढे उभे राहिले. कोणी बळाबळाचे क्रमांक लावले असते, तर त्यांना शेवटचाच मिळाला असता. तरी ती वाढ सरकारला बव्हंशी मागे घ्यावी लागली. हा इतिहास मी वर्गात दरवर्षी शिकवितो. मैदानावर मात्र नेमका विसरलो.

क्रमांक निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. काल कोणी किती मेहनत केली, हे तो सांगतो. आज काय घडेल, हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. प्रगतिपुस्तकावर चाळिसावा क्रमांक लिहिताना हे मुलाला तोंडाने सांगणे, हेही शिक्षकाचेच काम आहे. अंक लिहून ते पुरे होत नाही.

यंदा पुन्हा त्याच शाळेशी आमचा सामना आहे. आमची मुले जिंकतील असे भाकीत मी करीत नाही. पण कप्तानाने पुन्हा तेच विचारले, तर माझे उत्तर तयार आहे: "बाळ, ते गेल्या वर्षी पहिले होते. या वर्षीचा सामना अजून व्हावयाचा आहे."