सल्ला सगळ्यांच्या बांधापर्यंत पोचावा
(सांगवी, ता. बारामती येथील भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, शेतीचा तज्ज्ञ नव्हे. पण शेतीचा सल्ला आता मोबाइलवरून येतो, म्हणून बोलतो.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली जाते, याचा आपल्याला अभिमान आहे. पण फवारणीचा सल्ला व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून आला, तर अंध शेतकऱ्याला त्याचा फोन बहुतेक वेळा 'फोटो' एवढंच वाचून दाखवतो. औषध किती विषारी, हे डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग सांगतो. ज्याला रंग दिसत नाही त्याला कोण सांगणार? आणि बहिऱ्या शेतकऱ्याला किसान कॉल सेंटरचा नंबर काय कामाचा?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यातले ६९ टक्के खेड्यांत राहतात. २०१६ च्या कायद्याने शेतजमीन वाटपाच्या सरकारी योजनांत त्यांना ५ टक्के आरक्षण दिलं, त्यातही स्त्रियांना प्राधान्य. जमीन मिळेलही, पण ती कसताना सल्ला देणारा माणूस तयार आहे का?

अमेरिकेत १९९० च्या शेती कायद्यातून 'ॲग्रॲबिलिटी' कार्यक्रम सुरू झाला. विद्यापीठांची कृषी विस्तार यंत्रणा आणि अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्था तिथे जोडीनं काम करतात. अवजार, ट्रॅक्टर, कामाची पद्धत त्या शेतकऱ्याला जमेल अशी कशी बदलता येईल, ते बघतात.

आपल्याकडे सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांची प्रशिक्षणं होतात. खतं-औषधांच्या दुकानदारांसाठी 'मॅनेज' संस्थेचा वर्षभराचा डिप्लोमा आहे. त्यात एक दिवस यासाठी ठेवा. शेतकऱ्याशीच बोला, सोबत आलेल्या भावाशी नको. चित्राबरोबर मजकूर आणि आवाजही पाठवा. बहिऱ्याला करून दाखवा. शेतीशाळा व्हीलचेअर पोचेल तिथे घ्या. आणि हे शिकवायला अपंग शेतकऱ्यालाच बोलवा, मानधन देऊन.

सूरह अबस आपल्याला ठाऊक आहे. प्रतिष्ठितांशी बोलणं चालू असताना अंध अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम यांच्याकडे दुर्लक्ष झालं, तेव्हा अल्लाहने खुद्द पैगंबरांना (स.) सावध केलं. पुढे तेच मदिनेत अजान देत.

मोठ्या बागायतदाराच्या बांधावर सल्लागार आपणहून जातात. दुसऱ्या बांधावर कधी जाणार, हे येत्या ग्रामसभेत आपण सगळे मिळून विचारू.