विजेचें सावध पहिलें पाऊल

चाळींत राहणाऱ्यांस एक अनुभव नित्याचा आहे. तळमजल्यावर कोणी रिकामें पिंप भरण्यासाठीं नळ पूर्ण सोडला, कीं वरच्या मजल्यावरील धार बारीक होते. खिशांतील टेलिफोन असो वा टेबलावरील संगणक असो, बटण दाबतांच त्याच्या पोटांत असाच प्रसंग उद्भवतो. आणि तो निभावून नेण्याचें काम नखाहूनही लहान अशी एक वीज-नियामक चिप करीत असते.

यंत्राच्या प्रत्येक भागास मानवेल इतकाच विद्युद्दाब पुरविणें हें या चिपचें कर्तव्य होय. तो दाब स्थिर राहावा म्हणून तिच्या मुखाशीं कपॅसिटर, म्हणजे जणूं विजेचीं लहान पिंपें, बसविलेलीं असतात. आरंभीं तीं रिकामीं असतात. १०० मायक्रोफॅरडचें पिंप ५ व्होल्टपर्यंत १० मायक्रोसेकंदांत भरावयाचें, तर ५० अँपिअर प्रवाह लागेल! तेंच ५ मिलिसेकंदांत भरलें, तर एक दशांश अँपिअर पुरतो. सांठणारी वीज दोन्ही वेळां तितकीच. फरक केवळ सवडीचा.

घाई झाली म्हणजे बॅटरीचा दाब खचतो. दाब ठराविक मर्यादेखालीं गेला, तर चिप स्वतः होऊन बंद पडते. ती बंद पडतांच भार नाहींसा होतो, दाब सांवरतो, आणि चिप पुन्हां सुरू होते. पुन्हां तीच घाई, पुन्हां तोच अडथळा. दिवा लुकलुकतो, यंत्र मात्र जागें होत नाहीं. आणि धडधाकट बॅटरी निकामी समजून फेंकली जाते.

या घाईचें मूळ चिपच्या कर्तव्यनिष्ठेंतच आहे. ती बाहेर पडणारा दाब एका ठराविक मापाशीं ताडून पाहते, आणि उणीव दिसेल त्या मानानें जोर लावते. आरंभीं उणीव सर्वांत मोठी, म्हणून जोरही सर्वांत मोठा! यावर युक्ति अशी, कीं तें मापच शून्यापासून हळूहळू चढवावें. त्यासाठीं १० नॅनोफॅरडचा एक चिमुकला कपॅसिटर केवळ २ मायक्रोअँपिअर प्रवाहानें भरला, तर ०.८ व्होल्टचें माप गांठण्यास ४ मिलिसेकंद लागतात. चिप त्या मापामागून निमूटपणें चालते. या व्यवस्थेस ‘सॉफ्ट स्टार्ट’ असें म्हणतात.

परंतु दिरंगाईही घातकच. दाब अर्धवट असतां गणन करणारा भाग कसा वागेल, याचा भरंवसा नसतो; म्हणून दाब पूर्ण होईपर्यंत त्यास रोखून धरणारी स्वतंत्र सूचना ठेवतात. शिवाय दाब अनेक असतात, आणि त्यांचा क्रमही निर्मात्यानें ठरविलेला असतो. एक दाब स्थिर झाल्याची खूण मिळाल्यावरच दुसऱ्यास परवानगी मिळते. क्रम चुकला, तर वीज भलत्या वाटेनें निद्रिस्त भागांत शिरते, आणि कधीं कधीं चिप कायमची जळते.

ही शिस्त एका यंत्रापुरतीच नाहीं. संगणकास जोडावयाच्या उपकरणांसाठीं २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या यू. एस. बी. २.० या नियमावलीनें असें बंधन घातलें, कीं जोडणीच्या क्षणीं १० मायक्रोफॅरडहून मोठें पिंप संगणकाच्या वाहिनीवर येऊं नये. मोठें पिंप एकदम भरूं लागलें, तर त्याच वाहिनीवरील शेजारच्या उपकरणाचा दाब खालीं जातो, आणि त्याचें चालतें काम बिघडतें. नवागतानें आपली तहान बेतानें भागवावी, म्हणजे आधींपासून पंक्तीस बसलेल्यांच्या पुढचें पान ओढलें जात नाहीं. हें सौजन्य चार-पांच मिलिसेकंदांत आटोपतें. बटण दाबणाऱ्यास त्याची गंधवार्ताही नसते, आणि त्याचें यश नेमकें त्यांतच आहे.