चालवून घेण्याची किंमत

(वार्षिक स्नेहसंमेलनात आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. आम्ही उभयता काही वक्ते नव्हे. बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा विषय कोणता घ्यावा, असा प्रश्न पडला. अखेर कार्यकारिणीतील मंडळींनीच सुचवले की, तुमच्या गाडीच्या सीटची हकीकत सांगा. विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु या देशात आल्यावर वापरलेली गाडी घेतली नाही असे कुटुंब या सभागृहात क्वचितच असेल. आणि घेतलेल्या वस्तूत खोट निघाल्यावर आपण गप्प बसलो नाही, असे सांगू शकणारे तर त्याहूनही कमी असतील. यास्तव ही हकीकत आपणांपुढे ठेवीत आहोत.

२०२१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात, ६ तारखेस, आम्ही वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या एका विक्रेत्याकडून आठ वर्षांची जुनी गाडी घेतली. किंमत ५,२०० पौंड. त्यांपैकी २०० पौंड विसार म्हणून क्रेडिट कार्डाने दिले, उरलेली रक्कम बँकेतून पाठविली. आम्हां दोघांपैकी एकीची नोकरी इस्पितळात, रात्रपाळीची. पहाटे घरी परतण्यास गाडीवाचून गत्यंतर नव्हते. गाडी घेताना आम्ही इंजिन पाहिले, टायर पाहिले, एम. ओ. टी. चा दाखला पाहिला. सीटवर मात्र केवळ बसून पाहिले. ती हलवून पाहावी हे कोणाच्या मनातही आले नाही.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की, ब्रेक दाबला की चालकाची सीट बोटभर पुढे जाते आणि गाडी निघाली की टक् असा आवाज करून मागे येते. आम्ही एकमेकांस म्हणालो, “जुनी गाडी आहे, चालवून घेऊ.” घरातील वडीलधाऱ्यांचेही मत तेच पडले. बाबा म्हणाले, “घेतली ती घेतली. आता त्या माणसाच्या दारात जाऊन कुरकुर कशाला करता?”

बाबांच्या या बोलण्याचा आम्हांस राग आला नाही, कारण त्यामागचा काळ आम्हांस ठाऊक आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते या देशात आले आणि ओतकामाच्या कारखान्यात लागले. नोकरी आणि घर यांतील वंशभेदास मनाई करणारा कायदा येथे १९६८ साली झाला. त्यापूर्वीचे दिवस त्यांनी काढलेले आहेत. तक्रार करणाऱ्याचे काम पहिल्यांदा जाते, हा त्या दिवसांचा धडा होता. पगाराचे पाकीट कमी भरले तरी चालवून घ्यायचे, भाड्याची खोली गळत असली तरी चालवून घ्यायचे. त्या सोसण्याच्या बळावर आमची शिक्षणे झाली. पण सोसण्याची सवय कारण संपल्यावरही उरते, हे आम्हांस पुढील घटनेने शिकविले.

२१ नोव्हेंबर, रविवार. डडलीकडे जाताना सेजलीचा जो चढ लागतो, त्या चढावर सिग्नल सुटला. गाडी पुढे निघाली आणि चालकाची सीट रुळावरून एकाएकी मागे सरकली. पाय पेडलांवरून सुटले, हातांतील स्टिअरिंग निसटता निसटता राहिले, गाडीला हिसका बसून ती चढावरच बंद पडली. मागच्या सीटवर आमची सहा वर्षांची मुलगी होती. मागून येणारा चालक सावध होता, म्हणून आज ही हकीकत सांगता येत आहे. त्याच सायंकाळी डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागला तो विझेचना.

येथे थोडे यंत्राविषयी सांगणे आवश्यक आहे. चालकाची सीट सामान्यतः दोन रुळांवर बसविलेली असते आणि ते रूळ बोल्टांनी गाडीच्या तळाशी घट्ट केलेले असतात. सीट पुढेमागे केल्यावर एक खटका रुळाच्या दात्यांत अडकतो आणि सीट जागेवर राहते. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत पट्ट्याचे कुलूप सीटच्या सांगाड्यालाच जोडलेले असते. अर्थात अपघाताच्या क्षणी पट्ट्यावर जो भार येतो, त्याचा मोठा भाग सीट, रूळ आणि बोल्ट यांवर येतो. सीटच सैल असेल तर पट्टा बांधूनही आपण पुरते बांधलेले नसतो. शिवाय अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीत असते आणि तिच्या वायरी सीटखालून जातात. सीट वारंवार हलली की या वायरी ताणल्या जातात आणि तो दिवा लागतो. दिवा लागलेला असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच याची खात्री देता येत नाही.

आम्ही एका स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घेतली. त्याने ६० पौंड घेतले आणि आपले निष्कर्ष लिहून दिले. चार बोल्टांपैकी मागचा एक बोल्ट नव्हताच. दुसरा मूळचा नव्हता. एका बाजूचा खटका झिजलेला होता. आणि सीटखालची वायर तुटल्यावर चिकटपट्टीने जोडलेली होती. म्हणजे ही सीट पूर्वी कोणीतरी काढून कशीबशी पुन्हा बसविली होती. पाठीचा फोम दबलेला असणे किंवा कापड विटलेले असणे ही गाडीच्या वयाची खूण आहे आणि तिच्याबद्दल तक्रार करता येत नाही. परंतु रुळावरून सुटणारी सीट कोणत्याही वयाच्या गाडीत दोषच होय.

२७ तारखेस आम्ही विक्रेत्याकडे गेलो. त्याने पावतीकडे बोट दाखविले. ‘जशी आहे तशी, पाहून घेतली’ असे तिच्यावर छापलेले होते आणि खाली आमची सही होती. आम्ही मान खाली घालून परत आलो. वस्तुतः मान खाली घालण्याचे काहीच कारण नव्हते; आम्हांस कायदा ठाऊक नव्हता एवढेच.

तो कायदा म्हणजे २०१५ चा ग्राहक हक्क कायदा. व्यापाऱ्याने ग्राहकास विकलेली वस्तू समाधानकारक दर्जाची, उपयोगास योग्य आणि वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, असे तो सांगतो. वापरलेल्या वस्तूसही तो लागू आहे. मात्र दर्जा ठरविताना वय, किंमत आणि गाडी किती मैल चालली हे विचारात घेतात. व्यापाऱ्याने पावतीवर काहीही छापले तरी हे हक्क नष्ट होत नाहीत. गाडी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत असा दोष दिसला तर ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. या मुदतीत आपण दुरुस्ती मागितली तर दुरुस्तीच्या काळापुरते दिवस मोजणे थांबते आणि गाडी परत आल्यावर किमान ७ दिवस मिळतात. तीस दिवस उलटल्यावर विक्रेत्यास दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. ती फसली तर गाडी परत करता येते, पण वापरापोटी काही रक्कम कापली जाऊ शकते. पहिल्या ६ महिन्यांत दुरुस्ती किंवा बदली मागताना दोष आरंभापासून होता असेच धरले जाते. तो नव्हता हे सिद्ध करणे विक्रेत्याचे काम असते.

१ डिसेंबरला, म्हणजे पंचविसाव्या दिवशी, आम्ही पत्र लिहिले. त्यात रागाचा एकही शब्द नव्हता. खरेदीची तारीख, दोष कधी व कसा दिसला, मेकॅनिकचा अहवाल, कायद्याचे नाव आणि दुरुस्तीची मागणी, एवढेच होते. पाकीट बंद करीत असता बाबा जवळ येऊन बसले. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “साध्या टपालाने पाठवू नका. सही घेणाऱ्या टपालाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.” मग आत जाऊन त्यांनी एक पत्र्याचा डबा आणला. कारखान्यातील साऱ्या वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या त्यात वर्षवार बांधून ठेवलेल्या होत्या. ज्यांनी कधी तक्रार केली नाही, त्यांनी पुरावा मात्र आयुष्यभर जपला होता. आमच्या पत्राची पावती त्याच डब्यात ठेवली गेली.

पत्र पोहोचताच विक्रेत्याचा सूर बदलला. गाडी त्याने नेली आणि १० डिसेंबरला परत केली. तीनच दिवसांत दिवा पुन्हा लागला. १४ तारखेस आम्ही दुसरे पत्र पाठवून गाडी नाकारली. वापरापोटी ४०० पौंड कापू, असे त्याने सांगितले. मुदतीत नाकारलेल्या गाडीवर अशी कपात करता येत नाही, हे आम्ही लेखी कळविले आणि क्रेडिट कार्ड कंपनीसही पत्र दिले. १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार, वस्तूची किंमत १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर केवळ विसार कार्डाने दिला असला तरीही कार्ड कंपनी संपूर्ण व्यवहारास विक्रेत्याइतकीच जबाबदार असते. २३ डिसेंबरला ५,२०० पौंड आमच्याकडे परत आले.

बंधू-भगिनींनो, पैसे परत आले म्हणून ही हकीकत सांगितली नाही. तो पंधरवडा आम्हांस आजही टोचतो. सीट हलते हे ठाऊक असूनही आम्ही मुलीस मागे बसवून गाडी चालविली. धोकादायक स्थितीतील गाडी रस्त्यावर आणणे हा चालकाचाही गुन्हा ठरू शकतो. कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली, तरी आपल्या संकोचाची किंमत मागच्या सीटवरच्या लेकराने का मोजावी?

म्हणून अनुभवाचे चार शब्द. गाडी घेण्यापूर्वी सीटवर बसून ती पुढेमागे सरकवा, खटका अडकल्यावर अंगाने जोर देऊन पाहा आणि पट्ट्याचे कुलूप ओढून पाहा. किल्ली फिरविल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागला नाही तरी संशय घ्या. एम. ओ. टी. त चालकाची सीट व हा दिवा पाहतात, पण दाखला तपासणीच्या दिवसापुरताच खरा असतो. गाडीचा एम. ओ. टी. चा पूर्वेतिहास आणि सुरक्षेसाठी कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची माहिती सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. सीटखालच्या वायरींना, विशेषतः पिवळ्या जोडांना, घरी हात लावू नका; चुकीच्या हाताळणीने एअरबॅग उडू शकते. बाजूची एअरबॅग सीटमध्ये असेल तर बाजारातले कोणतेही सीटकव्हर चढवू नका. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीस वर सांगितलेले बहुतेक हक्क लागू नसतात. तेथे गाडी वर्णनाप्रमाणे असावी एवढेच मागता येते, म्हणून अधिक सावध राहा. दोष दिसला की त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा आणि गाडी उभी करा.

आणखी एक गोष्ट. आपणही कधीतरी आपली गाडी विकतो, पुष्कळदा आपल्याच ओळखीत. घेणारा संकोचाने विचारणार नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. अशा वेळी गाडीत काय बिघडले आहे ते विचारण्याआधी आपण सांगावे. जो न्याय आम्ही मागितला, तो देण्याचीही आमची तयारी हवी.

पुढे आम्ही दुसरी गाडी घ्यावयास गेलो तेव्हा बाबा बरोबर आले. विक्रेता इंजिनाची स्तुती करीत असता ते चालकाच्या सीटवर बसले, दोन्ही हातांनी ती हलवून पाहिली आणि म्हणाले, “ही घट्ट आहे. आता बाकीचे बोलू.”