खिंडीत कुणी राहत नाही
(युवक-युवती शिबिरातील भाषण)



मला विषय दिला आहे 'प्रवास आणि आनंद'. हल्ली हे दोन्ही एका रीलमध्ये मावतात: बर्फाची खिंड, एक बुलेट आणि मागे गाणे. अशी रील करणाऱ्या मुलांना नावे ठेवायला मी उभी नाही. घराबाहेर पडावे, डोंगर पाहावेत ही ओढ चांगलीच आहे. मात्र त्यातला आनंद येतो कुठून, हे आज आपण नीट पाहू. त्यासाठी मी मनाली ते लेह हा रस्ता घेते. हा प्रवास मी अम्मीला घेऊन केला, तोही बुलेटवर नाही, तर हिमाचलच्या एसटीने.

रोहतांग खिंडीखालून ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाला. तो ओलांडला की लाहौल लागते. तिथे तांदी गावाजवळ चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. दोघी उगम पावतात बारालाचा खिंडीच्या परिसरात, पण निघतात वेगवेगळ्या दिशांना. अख्ख्या डोंगराला वळसा घालून त्या तांदीला भेटतात. तिथून पुढे नदीचे नाव चंद्रभागा, आणि आणखी पुढे तीच चिनाब. अम्मीचे माहेर पंढरपूरजवळचे. मी म्हटले, "ही आपली चंद्रभागा नव्हे." ती म्हणाली, "नाम तो अपनाच है." आणि खिडकीतून नदी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

पुढे खिंडीमागून खिंडी. तिकडे 'ला' म्हणजेच खिंड. सर्वांत उंच तंगलंग ला, ५,३२८ मीटर. एवढ्या उंचीवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच प्राणवायू मिळतो. म्हणून तिथे कुणी राहत नाही. लोक उतरतात, फोटो काढतात आणि डोके दुखू लागण्याआधी निघतात. आपण मात्र आयुष्याचा सगळा आनंद अशाच एखाद्या खिंडीवर नेऊन ठेवतो. नोकरी लागली की, लग्न झाले की, घर झाले की, दुबईचा व्हिसा आला की मी सुखी होईन. ते क्षण येतात, खरेही असतात, पण तिथे मुक्काम करता येत नाही.

डोंगरातले डॉक्टर एक साधा नियम सांगतात. ३,००० मीटरच्या वर गेलात, की रोजचा झोपण्याचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको. म्हणजे शरीराला वेळ द्या. आम्ही केलाँगला दोन रात्री थांबलो. तिथे करण्यासारखे काही नव्हते. चहा प्यायलो, वाटाण्याची शेते पाहिली, शेजारच्या खोलीतल्या बाईंशी अम्मीने मोडक्या हिंदीत तासभर गप्पा मारल्या. आज ती खिंडींची नावे विसरली आहे, पण त्या बाईंच्या सुनेची चौकशी अजून करते.

या रस्त्यावर आणखी एक गोष्ट दिसते. तो रस्ता सांभाळतात सीमा सडक संघटनेसाठी राबणारे मजूर. त्यांतले कितीतरी झारखंड-बिहारकडून आलेले. एका वळणावर बस थांबली, तेव्हा दुमक्याचा एक मुलगा तोंडाला फडके बांधून डांबर पसरत होता. अम्मीने विचारले, "बेटा, थंडी नहीं लगती?" तो हसला, "लगती है अम्मा, पर सड़क तो बनानी है." तोही घरापासून दूर डोंगरात आला होता, पण त्याच्या प्रवासाला कुणी ट्रिप म्हणत नाही. आपल्या आनंदाच्या हिशेबात तो धरलेला नसेल, तर तो हिशेब कच्चा आहे.

इमाम गझालींचे नाव तुम्ही ऐकले असेल. १०९५ साली ते बगदादच्या निजामिया मदरशात नामांकित अध्यापक होते. मान होता, शिष्य होते, पण आतून इतके अस्वस्थ झाले की शिकवताना वाचाच बसली. ते सारे सोडून ते दमास्कस, जेरुसलेम, मक्केकडे निघाले. पुढे त्यांनी फारसीत 'किमिया-ए-सआदत' हा ग्रंथ लिहिला. सआदत म्हणजे खरे सुख, आणि त्याची सुरुवात ते स्वतःला ओळखण्यापासून करतात. प्रवास त्यासाठी उपयोगी, कारण ओळखीच्या माणसांपुढे आपण जे सोंग घेतो, ते परक्या मुलखात चालत नाही.

आता आपल्या घरांकडे येऊ. मुलगा निघाला तर आपण म्हणतो, "हेल्मेट घे." मुलगी निघाली तर विचारतो, "कशाला?" माझी अम्मी ६१ वर्षांची. तोवर तिने जो प्रवास केला तो लग्नासाठी, मयतीसाठी, दवाखान्यासाठी, फार तर मिरजेच्या उरसासाठी. काहीही कारण नसताना, केवळ पाहायला म्हणून ती पहिल्यांदा निघाली, आणि खिडकीची जागा तिने शेवटपर्यंत सोडली नाही. "कशाला?" या प्रश्नाने आपण आपल्या बायकांची किती वर्षे खिडकीपासून दूर ठेवली, याचा विचार करा.

म्हणून एकच विनंती. पुढची सहल ठरवाल, तेव्हा कर्ज काढून लेह गाठू नका. एसटीने आंबोलीला जा, आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जा. पण बहिणीला किंवा अम्मीला विचारा, "चलतेस का?" ती "कशाला?" म्हणाली, तर सांगा, "असंच."