शरदातली सरोवरं आणि दोन मोकळे दिवस

हिमालयातली उंचावरची सरोवरं पाहावीत ती शरदातच, हे मत आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींत चांगलं रुजलं आहे, आणि ते खरंही आहे. काश्मीरमधली सोनमर्ग ते नारानाग ही वाट घ्या. विशनसर, किशनसर, गडसर, सातसर, गंगाबल, नुंदकोल अशी सरोवरं गाठत ही वाट सुमारे 70 किलोमीटर जाते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथं रानफुलांचा बहर असतो, पण बर्फ वितळत असतो आणि दुपारनंतर ओढे फुगतात. सप्टेंबर अर्धा सरला, काश्मीरचा हरूद म्हणजे शरद लागला, की वितळणं मंदावतं. हिमनदीखाली भरडलेली दगडाची भुकटी पाण्यातून कमी येऊ लागते, जी आलेली असते ती तळाशी बसते आणि काठाजवळच्या पाण्यात खालचे गोटे एकेक करून मोजता येतात. बकरवाल आपली मेंढरं घेऊन खाली उतरायला लागलेले असतात. गंगाबलच्या काठावर उभं राहिलं तर 5,142 मीटर उंचीचा हरमुख माथ्यापासून पायथ्यापर्यंत स्वच्छ दिसतो. तेव्हा शरदात जाऊ नका, असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझं म्हणणं एवढंच, की शरदातल्या ट्रेकच्या आखणीत किमान दोन दिवस मोकळे ठेवलेच पाहिजेत, आणि ते परवडत नसतील तर सरोवरं कमी करावीत, दिवस नव्हे.

याचं कारण या ऋतूच्या स्वभावातच आहे. एका बाजूला परतणारा मान्सून आणि दुसऱ्या बाजूला पश्चिमेकडून येणारे हिवाळी हवेचे झोत, यांच्या मधल्या फटीत हे निरभ्र दिवस येतात, आणि ही फट दरवर्षी सारखी नसते. 2014 सालचा शरद आठवा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काश्मीरमध्ये इतका पाऊस कोसळला की श्रीनगर पाण्याखाली गेलं. पुढच्याच महिन्यात, 12 ऑक्टोबरला, हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांत त्याच्या उरलेल्या ढगांनी नेपाळच्या अन्नपूर्णा भागात प्रचंड हिमवृष्टी केली. तिलिचो सरोवर पाहून पुढे 5,416 मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीकडे जाणाऱ्यांचा तो ऐन हंगाम होता. किमान 43 माणसं गेली. किनाऱ्यावरचं वादळ इतक्या आत, इतक्या उंचावर मारेल, हे त्या सकाळी खिंडीकडे निघालेल्या कित्येकांच्या मनातही आलं नसेल.

कुणी म्हणेल, आता हवामानाचा अंदाज मोबाइलवर मिळतो, मग मोकळे दिवस कशाला? अंदाज सुधारले आहेत, हे मान्यच आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये उत्तराखंडसाठी हवामान खात्यानं इशारा दिला होता, चारधाम यात्राही थांबवली होती. मुक्तेश्वरला एका दिवसात 340.8 मिलिमीटर पाऊस झाला, 1897 पासूनच्या तिथल्या नोंदींतला सर्वांत जास्त. पण हर्षिलहून लमखागा खिंडीमार्गे चितकुलकडे आधीच निघालेली तुकडी बर्फात सापडली आणि तिच्यातले अनेक जण दगावले. वर गेल्यावर फोनला रेंज नसते. आणि अंदाज हातात असला, तरी ज्याला परवा सकाळी श्रीनगरहून मुंबईचं विमान गाठायचं आहे, तो त्या अंदाजाचं करणार काय? थांबायला दिवसच शिल्लक नसेल, तर इशारा मिळूनही पाय खिंडीकडेच वळतात.

वीतभर बर्फानं काय बिघडतं, असंही विचारलं जातं. सातसरच्या पुढे मोठमोठ्या धोंड्यांचा पट्टा लागतो. कोरड्या दिवशी एका धोंड्यावरून दुसऱ्यावर पाय टाकत तो पार होतो. त्यावर ताजा बर्फ बसला की दोन धोंड्यांमधल्या फटी झाकल्या जातात आणि पाठीवर बारा-पंधरा किलोची सॅक असताना पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. खिंडीत बर्फ साचला तर सामान वाहणारे घोडे पुढे जात नाहीत, म्हणजे शिधाही अडतो. गडसरची खिंड ओलांडल्यावर मागे फिरणंही तितकंच अवघड होऊन बसतं. तिथं शहाणपणाचं काम एकच, उन्हानं बर्फ उतरेपर्यंत तंबूत थांबणं. त्यासाठी शिधा हवा, इंधन हवं आणि दिवस हवा.

शिवाय हवामान छान राहिलं तरी तो दिवस वाया जात नाही. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असं पर्वतारोहण-वैद्यकशास्त्र सांगतं. या वाटेवर पहिल्याच मुक्कामाला शरीर सातशे मीटरहून जास्त वर चढलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी चार हजार मीटरवरची निचनई खिंड समोर येते. शनिवारी निघून रविवारी घरी परतणाऱ्या सह्याद्रीतल्या दमदार पायांनाही विरळ हवेत हाच नियम लागू आहे.

राहिला प्रश्न रजेचा आणि पैशांचा. तो खरा आहे. नोकरदार माणसाला दहा दिवसांची रजा मिळवताना किती खटपट करावी लागते, हे सगळेच जाणतात, आणि दोन दिवस वाढले की घोडेवाला, स्वयंपाकी, शिधा असा सगळाच खर्च वाढतो. पण त्यावर उपाय आहे. सोनमर्गहून विशनसर-किशनसरपर्यंत जाऊन त्याच वाटेनं परत येता येतं. नारानागहून गंगाबल आणि नुंदकोल पाहूनही परतता येतं. यांत सरोवरं दोन-दोनच होतात, पण काठावर एक पूर्ण दिवस बसायला मिळतं आणि हवा बिघडली तर थांबता येतं. येत्या शरदाचा बेत आखणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ट्रेकच्या शेवटच्या दिवसानंतर दोन दिवस सोडा, आणि मगच परतीचं तिकीट काढा.