शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री
(संस्थेच्या वर्धापनदिनानिमित्त सोमेश्वरनगर येथे भरलेल्या आरोग्य मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी आम्हाला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. आम्ही डॉक्टर नाही. गेल्या गळीत हंगामात आमच्या आईच्या खुब्याचा सांधा बदलला. आम्ही दोघे भाऊ आणि घरातल्या दोघी सुना यांनी त्यानंतरचे दीड महिने पाळीपाळीने तिच्या उशाशी काढले. बोलणारा एक असला तरी अनुभव चौघांचा आहे, म्हणून आम्ही 'आम्ही' असेच म्हणणार आहोत.

या शस्त्रक्रियेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या वस्तीत अजून भीती आहे. इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली नावाच्या सर्जनने १९६२ साली आजच्या पद्धतीचा कृत्रिम खुबा बसवला. त्याआधी त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली होती. ती लवकर झिजली आणि रोग्यांना पुन्हा त्रास झाला. टेफ्लॉनचा कण शरीरात काय करतो हे पाहण्यासाठी त्यांनी तो स्वतःच्या मांडीत घालून घेतला. मग दुसऱ्या जातीचे टिकाऊ प्लॅस्टिक आणि धातूचा लहान गोळा असा मेळ त्यांनी बसवला. २००७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील लेखाने या शस्त्रक्रियेला शतकातील शस्त्रक्रिया म्हटले. आज पुण्या-मुंबईत ती नित्याची झाली आहे.

आमच्या आईने उभे आयुष्य उसाच्या आणि कांद्याच्या रानात वाकून काढले. शेवटची तीन वर्षे ती लंगडत होती. पुण्याला शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून तिला उभे केले आणि पाचव्या दिवशी घरी सोडले. सासवड, जेजुरी, नीरा करत गाडी आली. प्रत्येक गतिरोधकाला आई डोळे मिटून घेत होती. आम्हाला वाटले, अवघड काम रुग्णालयात संपले, आता फक्त विश्रांती. इथेच आमचे चुकले.

घरची पहिली रात्र आम्ही कधी विसरणार नाही. रात्री दहाची गोळी आईने उशीखाली ठेवून दिली. "सवय लागंल, मग सुटायची न्हाई," असा तिचा विचार. दिवसभर पाहुण्यांची ये-जा झालेली, त्यामुळे आम्हीही दमून झोपलो. बाहेर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग आणि त्यांची मोठ्याने लावलेली गाणी चालूच होती. दोनच्या सुमारास कण्हण्याचा आवाज आला. दिवा लावला तर आई खाटेच्या कडेला वाकडी बसलेली, शस्त्रक्रियेचा पाय आत वळलेला. नव्या सांध्याला हीच स्थिती सर्वात धोक्याची. "तुम्ही दिसभर राबता, म्हणून उठवलं न्हाई," एवढेच ती म्हणाली.

त्या घाईत आम्ही दुसरी चूक करणार होतो. मावशीच्या झोपेच्या गोळ्या घरात होत्या, त्यातली एक द्यायला काढली होती. सुदैवाने आधी रुग्णालयात फोन केला. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "दुसऱ्याची झोपेची गोळी अजिबात देऊ नका. वेदनेच्या गोळीबरोबर ती जड होते, म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो, तोल जातो. आधी तिची स्वतःची गोळी द्या, पाय सरळ करा आणि पायांमध्ये उशी ठेवा." सकाळी पाय तपासून घेतला. सांधा जागेवर होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही आईला विचारले, का सोसत राहिलीस? ती म्हणाली, "बाबासाहेबांचे पाय दुखत व्हते, तरी त्यांनी घटना लिहिली. मला एवढं सोसवंना व्हय?" बंधू-भगिनींनो, आमच्या आयाबायांचे हे बळ आहे आणि हाच धोकाही आहे. १९४८ च्या सुरुवातीला घटनेचा मसुदा तयार होत असताना बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांच्या वेदनेने झोप लागत नव्हती, हे खरे. पण त्यांनी ते दुखणे लपवले नाही. ते उपचारासाठी मुंबईला जात राहिले, डॉक्टरांचे ऐकत राहिले. ज्या डॉक्टर शारदा कबीर त्यांच्यावर उपचार करत होत्या, त्यांच्याशीच १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह झाला. हे सांगितल्यावर आई गप्प बसली, आणि त्या रात्री गोळी तिने स्वतः मागितली.

पुढे डॉक्टरांनी आम्हाला कारणे समजावून दिली. कंबरेत दिलेल्या भुलीचा अंमल उतरला की पहिले दोन-तीन दिवस वेदना जोरात असते. रात्री ती वाढल्यासारखी वाटते, कारण अंग एकाच कुशीवर आखडते, गोळीचा अंमल पहाटेपूर्वी संपतो आणि मन गुंतवायला काही नसते. वेदना शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते. म्हणून ती घड्याळाप्रमाणे घ्यायची. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात घेतलेल्या गोळीची भीती धरू नये. मात्र मनाने माप वाढवू नये, आणि मूत्रपिंडाचा, पोटातल्या व्रणाचा त्रास असेल तर तो आधी सांगावा. जोरदार गोळ्यांनी शौचाला खडा होतो. त्यासाठी पाणी, पालेभाजी आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल.

आम्ही एक शाळेची वही केली. गोळीची वेळ, चाललेली पावले, रात्रीची झोप, सगळे त्यात लिहिले. झोपण्याआधी फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे जखमेच्या बाजूला ठेवायचा, जखम ओली होऊ द्यायची नाही. दिवसा थोडे थोडे चालवायचे, पडल्या पडल्या पावले वर-खाली हलवायला लावायचे. त्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली. चारनंतरचा चहा बंद केला. हे तिला गोळीपेक्षा कडू गेले. उशाशी तांब्या आणि चमचा ठेवला. तांब्या वाजला की कोणीतरी उठायचेच, आणि आईने "उठवलं न्हाई" म्हणायचे नाही, असा ठराव झाला.

तरीही झोप लगेच आली नाही. आयुष्यभर कुशीवर झोपलेल्या माणसाला उताणे झोपणे म्हणजे शिक्षाच. जाग आली की आई श्वासावर लक्ष ठेवायची, सावकाश आत, सावकाश बाहेर. त्याने वेदना जात नाही, पण वेदनेभोवतीची घाबरगुंडी कमी होते. नाहीच जमले तर ट्रॅक्टर मोजायची आणि सकाळी आम्हाला आकडा सांगायची. वहीत पहिल्या रात्रीपुढे दोन तास लिहिले आहेत, दहाव्या रात्रीपुढे चार. चौथ्या आठवड्यात ट्रॅक्टरांचा आकडा मिळेनासा झाला, तेव्हा आम्ही ओळखले की आई झोपू लागली. काही आठवडे झोप मोडणे हे बहुतेकांच्या वाट्याला येते. त्याने सांधा बिघडत नाही.

मात्र काही गोष्टींना सकाळची वाट पाहू नये. पोटरी दुखून सुजली, दम लागला, छातीत दुखले, ताप आला, जखमेतून पू किंवा पाणी आले, किंवा एकाएकी असह्य कळ येऊन पाय आखूड वा वळलेला दिसला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आमच्या आईला खाली बसायला, मांडी घालायला आणि पायावर पाय टाकायला मनाई होती. शस्त्रक्रियेच्या पद्धतीप्रमाणे हे नियम बदलतात, म्हणून आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. आज आई मागच्या रांगेत खुर्चीवर बसली आहे. कोणी तिला "खाली सतरंजीवर ये" असा आग्रह करू नये, ही नम्र विनंती. खुर्चीवर बसण्याने मान कमी होत नाही आणि श्रद्धाही कमी होत नाही.

शेवटी एक सूचना. वॉकर आणि कमोड खुर्ची या वस्तू घराला दोन-तीन महिने लागतात, मग अडगळीत पडतात. आमच्या या दोन्ही वस्तू धुऊन-पुसून आज आम्ही संस्थेच्या स्वाधीन करत आहोत. ज्याला लागतील त्याने न्याव्यात आणि काम झाले की परत आणाव्यात. ती वहीही सोबत दिली आहे. पुढच्याने त्यात आपल्या रात्री लिहाव्यात. ज्या घरात रात्र जागवायला माणूस कमी असेल, तिथे आपल्यापैकी एकेकाने एकेक रात्र वाटून घ्यावी. आमच्या पहिल्या रात्री अशी एक व्यक्ती असती, तर आई खाटेच्या कडेला एकटी बसली नसती.