तोर्तोनाच्या टेकड्यांवरील पांढरें द्राक्ष

इटलीच्या वायव्येस असलेल्या पिएमोंते प्रांताच्या तांबड्या मद्यांची कीर्ति मोठी आहे. परंतु त्याच प्रांताच्या आग्नेय टोकास, तोर्तोना शहराभोंवतालच्या टेकड्यांवर, ‘तिमोरास्सो’ नांवाची पांढऱ्या द्राक्षांची एक देशी जात फार दिवसांपासून नांदत आली, हें थोड्यांसच ठाऊक असतें. एके काळीं तेथें तिची लागवड विपुल होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र जुन्या मळ्यांतून तिचे तुरळक वेल तेवढे उरले.

असें कां व्हावें? रस हिणकस होता म्हणून नव्हे. वेल लहरी होता म्हणून. फुलोऱ्यांत फळधारणा अपुरी होते, एकाच घडांत लहानमोठे मणी येतात, आणि तोडणीच्या सुमारास मणीगळ सुरू होते. मणीगळीचें दुःख नाशिक-सांगलीकडील बागाइतदारांस निराळें सांगावयास नको! अमेरिकेंतून आलेल्या फायलोक्झेरा नांवाच्या, मुळांवर जगणाऱ्या किडीनें एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील मळे उजाड केले. अमेरिकन खुंटांवर कलमें बांधून सारी लागवड पुन्हा करणें प्राप्त झालें. पुन्हा लावावयाचेंच, तर भरंवशाचें कां लावूं नये? शेतकऱ्यांनीं भरघोस येणारी ‘कोर्तेसे’ ही जात पत्करली. त्यांस दोष देणें अन्यायाचें होईल.

मोनलेआले गांवच्या वाल्तेर मास्सा या मळेवाल्यानें १९८७ सालीं तिमोरास्सोचीं द्राक्षें निराळीं ठेवून त्यांचें स्वतंत्र मद्य केलें. मद्याची भलावण करण्याचा येथें हेतु नाहीं; पण त्या मद्याचा स्वभाव नोंदण्याजोगा आहे. पांढरें मद्य ताजेंच घ्यावें ही सर्वसाधारण समजूत येथें लागू पडत नाहीं. नवें असतां तें आंबट व अबोल वाटतें. बाटलींत कांहीं वर्षें राहिल्यावर त्यास मधाचा, गारगोटीचा, क्वचित् घासलेटाचाहि पुसट गंध येतो, आणि जाणकार हा दोष मानीत नाहींत.

शेजारचे मळेवाले मास्साच्या मागोमाग आले. अलीकडे बारोलोकडील नामांकित मद्यकारांनींही तेथें जमिनी घेतल्या आहेत. येथेंच खरी अडचण उभी राहते. तिमोरास्सोचें कलम कोणीही कोठेंही नेऊन लावूं शकेल. मग इतकीं वर्षें वेल राखणाऱ्या टेकड्यांच्या पदरीं काय उरणार? यास्तव तेथील मळेवाल्यांनीं जातीचें नांव मागें ठेवून बाटलीवर तोर्तोनाचें प्राचीन नांव छापावयास आरंभ केला: ‘देर्तोना’.